खळीवरचा आळ

बारकीला शहरातले रस्ते दुकानांवरून नाही, संडासांवरून ठाऊक होते. ग्रंथालयाचा तळमजल्यावर, कडी लागत नाही, एका पायाने दार दाबून धरावं लागतं. न्यायालयाचा मागच्या अंगाला, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सदानकदा चहाला गेलेला. बसस्थानकावरचा असून नसल्यासारखा. घरापासून इस्पितळापर्यंत पंचवीस मिनिटांची वाट होती आणि त्यातली मधली नऊ मिनिटं अशी, की दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती आणि कुलपं. त्या नऊ मिनिटांना मनातल्या मनात शिव्या हासडत ती झपाझप चालायची.

आज गुरुवारी ती नऊ मिनिटं विनाविघ्न पार पडली, तरी जिवाला चैन नव्हतं. निघताना आत्या तिच्यामागे जिना उतरून दारापर्यंत आली होती.

"ऐकून जा," आत्या म्हणाली, "तुझा बाप रविवारी तुझ्या दादाकडे, परगावी चाललाय. कायमचा. मला म्हणाला, बारकीला सांगू नकोस. म्हणून सांगतेय."

"जाऊ देत," बारकी म्हणाली होती आणि फाटक आपटून निघाली होती. आता इस्पितळाच्या पायऱ्या चढताना ते 'जाऊ देत' तिचं तिलाच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. वय सदतीस, पण नाव काही सुटलं नाही. एके काळी पुस्तकं दाबायच्या यंत्राचं चाक एका हाताने फिरवणारी ही बाई आता मात्र नावाला जागली होती. वजन बेचाळीस किलो. कमरेचा पट्टा शेवटच्या भोकालाही सैल, म्हणून तिने आरीने आणखी दोन भोकं पाडून घेतली होती. आरी घरचीच. तळमजल्यावर पुस्तकबांधणीचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. बाबा बाइंडर, ती बाइंडर, आणि बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, जी स्वयंपाकघर सांभाळायची आणि बाकीच्या दोघांना धाकात ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी बारकीच्या आजाराला नाव मिळालं होतं. सीलिअ‍ॅक. गव्हात आणि जवात एक चिकट प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर चोर समजून आपल्याच आतड्याचं अस्तर बडवत सुटायचं. औषध एकच, गव्हाशी काडीमोड. आत्याने त्याच दिवशी पीठ, पाव, बिस्किटं सगळं घराबाहेर काढलं, डबे उकळत्या पाण्याने धुतले आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात गव्हाचं नाव काढणाऱ्याला जेवण नाही." सव्वा वर्ष सुखाचं गेलं. बारकीच्या गालांवर मांस आलं. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गाल दाखवायची.

आणि मग, काही एक कारण नसताना, पोट पुन्हा फिरलं. तीच धावपळ, तोच थकवा, आणि उजव्या कुशीत खाली एक नवीन पीळ, जो जेवणानंतर तासाभराने हजेरी लावायचा. जुन्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी थोड्या दिवसांसाठी एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी बारकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, "कुठून तरी गहू पोटात जातोय तुमच्या. शोधून काढा."

एवढं एक वाक्य. पण बारकीच्या डोक्यात ते असं रुजलं की तिने घराची पोलीस चौकी करून टाकली. आत्याच्या डाव्या हाताचा चमचा वेगळा, उजव्या हाताचा वेगळा. मसाल्यांच्या बाटल्यांवरचा बारीक मजकूर भिंगातून वाचायचा. शेजारीण पाव खाऊन आली असेल तर तिने खांद्यावर ठेवलेला हात झटकून टाकायचा. पाकिटांचा डिंक, गोळ्यांचं वेष्टण, ओठांना लावायचं मलम, एकालाही जामीन नव्हता. आत्या एकदा वैतागून म्हणाली, "मला एकदा उलटी टांगून झटक, म्हणजे गव्हाचा दाणा पडतो का ते कळेल तुला." बारकीला हसू आलं नाही. हसायलाही अंगात थोडी ताकद लागते.

संशय फिरत फिरत जिना उतरून दुकानात आला तो तीन महिन्यांपूर्वी. एका जाडजूड पुस्तकाची पानं मोजताना बारकीने सवयीने अंगठा जिभेला लावला, पान उलटलं, पुन्हा अंगठा जिभेला लावला आणि हात तसाच हवेत थांबला. समोर बाबा ब्रशने पुठ्ठ्यावर खळ लावत होते.

खळ म्हणजे गव्हाचं मऊ पीठ पाण्यात शिजवून केलेली चिकट लापशी, पुस्तकं चिकटवायची. बाबा ती रोज सकाळी स्वतः करायचे. एक माप पीठ, पाच मापं पाणी, एकही गुठळी होता कामा नये, मग फडक्यातून गाळायची. बहात्तराव्या वर्षी बाबांच्या हातांना शिवण जमत नव्हती, सुईत दोरा जात नव्हता, पण खळ मात्र त्यांचीच. बाजारातला पांढरा गोंद त्यांनी कधी दुकानात येऊ दिला नाही. "आपण माणसं. आपण चुकणार. म्हणून पुढच्याला सोडवता येईल अशानंच चिकटवावं," असं ते म्हणायचे. गोंदाने चिकटवलेला कागद फाटतो पण सुटत नाही. खळ कोमट पाण्याने सुटते.

आजार कळल्यापासून बारकी खळ हाताळताना हातमोजे घालायची. पण कोरड्या पुठ्ठ्यांवर, टेबलावर, पुस्तकांच्या पाठींवर तीच खळ वाळून बसलेली, आणि अंगठा तिथून थेट जिभेवर! चोर सापडला. त्याच दुपारी पांढऱ्या गोंदाचा डबा आला. बाबांनी पातेलं घासलं आणि पालथं घातलं.

तीन महिने झाले. पोट तसंच.

मग वीस दिवसांपूर्वी एक म्हातारे शिक्षक आपल्या आजोबांच्या हातची वही घेऊन आले. कागद इतका जुना की बोट लावलं तरी तुकडा पडेल. बाबांना राहवलं नाही. बारकी घरात नाही असं बघून त्यांनी मागच्या अंगणात छोट्या शेगडीवर मूठभर पिठाची खळ शिजवली. बारकी मध्येच परत आली, आधी संडासात धावली, आणि बाहेर पडताच तिला तो ओळखीचा वास आला.

"बाबा, मला मारायचंच ठरवलंय का तुम्ही?" ती ओरडली. शिक्षक काउंटरशी उभे होते, तरी ती थांबली नाही. "मी इथे थेंबाथेंबाने मरतेय आणि तुम्ही मला विष शिजवून घालताय! कागदाची काळजी आहे, पोरीची नाही!"

बाबांनी शेगडी विझवली. खळ मातीत ओतली, वरून माती लोटली. शिक्षकांना म्हणाले, "वही मुलीकडून बांधून घ्या. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे." आणि वर गेले. त्या दिवसापासून ते दुकानात उतरले नव्हते.

हे सगळं डोक्यात घोळवत बारकी नव्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बसली होती. बसली होती म्हणजे काय, दोनदा उठून बोळाच्या टोकाच्या संडासात जाऊन आली. मांडीवर तिचं पुस्तक होतं. आपल्या सगळ्या तपासण्यांचं तिने पुस्तक बांधलं होतं, कारण सुटे कागद बघितले की तिच्या हाताला खाज सुटायची. रिपोर्टांचे कागद पातळ आणि वळकट्या होणारे. म्हणून प्रत्येक कागद जाड कागदावर पूर्ण खळ लावून चिकटवलेला, मग शिवण, कातडी पाठ, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत 'पोट'. शेवटचं पान आठ महिन्यांपूर्वीचं, जुन्या डॉक्टरांनी करायला लावलेल्या रक्ततपासणीचं.

नव्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"हे तुम्ही बांधलंत?"

"हो."

"माझ्या डॉक्टरकीच्या पुस्तकांना इतकी चांगली पाठ नाही." त्या एकेक पान सावकाश उलटू लागल्या. घड्याळ बघितलं नाही हे बारकीने टिपलं. शेवटच्या पानावर त्या थांबल्या, चष्मा लावला, पान जवळ घेतलं. "हिमोग्लोबिन, लोह, हे आहे. पण गव्हाविरुद्धची प्रतिपिंडं कुठायत? ती तर सगळ्यात महत्त्वाची."

"त्यांनी दिलं ते सगळं आहे यात. एकही कागद गाळलेला नाही."

"इथे खाली लिहिलंय," डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "पान एक, एकूण पानं दोन. दुसरं पान?"

बारकीने मान पुढे करून तो आकडा वाचला. इतर कुणाला याची फारशी लाज वाटली नसती. पण बाइंडरच्या घरात पोर बोलायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं: शिवण घालण्याआधी सगळी पानं जुळवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुढून आणि मागून. बारकीने या एका चुकीपायी दोन कारागीर कामावरून काढले होते. आणि स्वतःच्या पुस्तकात तिने शेवटचा कागद उलटून पाहिलाही नव्हता. आधीचे सगळे रिपोर्ट एकाच बाजूला छापलेले होते. यालाही मागची बाजू कोरीच असणार असं धरून तिने मागे खळ फासली होती आणि वरून फडक्याने दाबून, हवेचा एक फुगाही न ठेवता, झकास बसवला होता.

"मागे छापलेलं असेल," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

डॉक्टरीणबाईंनी पान खिडकीपाशी उजेडात धरलं. जाड कागदातून काही दिसेना. "हरकत नाही. प्रयोगशाळेला फोन करते. जुनं काढायला त्यांना उद्याचा दिवस लागेल."

"उद्या नको," बारकी म्हणाली. "मला थोडं कोमट पाणी मिळेल का? पाच मिनिटांत सोडवते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या थर्मासकडे. "बाहेर अकरा जण बसलेत. तुम्ही बोळात बसून सोडवा, तोवर मी दोघांना बघते."

बोळातल्या बाकावर पुस्तक मांडीवर उघडून बारकीने ओला रुमाल त्या पानावर पसरला आणि तळवा ठेवला. समोरून स्ट्रेचर गेलं, कुणाचं तरी मूल रडत होतं, शेजारच्या बाईने विचारलं, "ताप आलाय का पुस्तकाला?" बारकीच्या पोटात पीळ सुरू झाला होता. तिने दात आवळले. आत्ता उठायचं नाही. तिने कोपरा नखाने उचलून पाहिला. कागद हलला. पर्समधली, कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पातळ पट्टी काढून ती हळूहळू आत सरकवत गेली आणि पान सबंध, एक धागाही न तुटता, हातात आलं. पांढरा गोंद असता तर लगदा झाला असता.

मागची बाजू भरगच्च छापलेली होती. गव्हाविरुद्धची प्रतिपिंडं, आणि पुढे शब्द: सामान्य. त्याखाली निवृत्त झालेल्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात चार ओळी. पथ्य उत्तम पाळलं जात आहे. गहू पोटात जात नाही. तरीही तक्रारी चालू असल्यास कारण दुसरीकडे शोधावं. शौचाची दाहाची तपासणी आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने पाहणी करावी. ताबडतोब भेटावं. 'ताबडतोब'खाली दोन रेघा.

बारकीने तारीख वाचली. आठ महिने. मग तिने बोटांवर मोजलं, कारण तिचा विश्वास बसेना. त्या दिवसांत बाबांची खळ रोज सकाळी शिजत होती. ती रोज अंगठा चाटत होती. आणि रक्त म्हणत होतं, गहू नाही. खळीत दोष असता तर तो तेव्हाच दिसला असता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आत्या म्हणाली असती. पण नुसता वळसा असता तरी चाललं असतं. तिने तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही गिऱ्हाइकासमोर. बारकी उठली, बोळाच्या टोकाला धावली, आणि परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

डॉक्टरीणबाईंनी ओलं पान वाचलं आणि टेबलावर वाळत ठेवलं. मग म्हणाल्या, "मला आतड्याच्या दुसऱ्या एका आजाराची शंका आहे. क्रोन्स. आतडं ठिकठिकाणी सुजतं, जखमा होतात. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसांत असे दाहाचे आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. दोन्हींत शरीराची राखण करणारेच उलटतात. लक्षणंही इतकी सारखी, की पहिल्याचं नाव ठाऊक असलं की सगळा दोष त्याच्यावर जातो आणि दुसरा निवांत पसरत राहतो. डॉक्टरांकडूनही हे होतं. रक्त आणि शौच आजच द्या. शनिवारी सकाळी दुर्बीण घालून बघू."

"म्हणजे घरातल्या कुणामुळे काही..."

"कुणामुळेही नाही. रिपोर्टवर जा, तुमच्या घरचे फार चांगलं सांभाळतायत तुम्हाला."

हे वाक्य आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त लागलं.

घरी पोहोचेपर्यंत तिने ठरवलं होतं, थेट वर जायचं आणि सांगून टाकायचं. वर गेली. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर जुनी बॅग, आणि बाबा सदऱ्यांच्या घड्या घालत होते. प्रत्येक घडीवरून अंगठा दाबून फिरवत होते, पुस्तकाच्या कागदावर फिरवतात तसा.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शनिवारी तपासणी आहे. दुर्बिणीची."

"बरं. आत येऊ नकोस, मी कपडे झटकतोय. जुन्या कपड्यांत पीठ असतं."

तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नखांच्या कडा लाल, सोललेल्या. खिडकीत साबण आणि तारेसारखा कडक ब्रश. शेजारी एक ताटली, एक पेला, एक चमचा, घरातल्या भांड्यांपासून वेगळे ठेवलेले. वीस दिवस हा माणूस स्वतःला घासत होता. तिने तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे नुसतं 'तुम्ही निर्दोष' एवढंच नव्हतं. 'मी पान उलटून पाहिलं नाही' हेही होतं. दोन कारागिरांना घालवताना ती काय काय बोलली होती ते बाबांनी ऐकलेलं होतं.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"हो."

ती खाली आली आणि दुकानात या टेबलापासून त्या टेबलापर्यंत उगीच फिरत राहिली. सुई घेतली, ठेवली. पुठ्ठा कापायला घेतला, तिरका कापला. आत्याने जिन्यावरून डोकावून विचारलं, "तुझ्या अंगात काय शिरलंय आज?" बारकी म्हणाली, "लाज." आत्याला ते काही कळलं नाही आणि बारकीने समजावलं नाही.

शुक्रवार दुर्बिणीच्या तयारीचा. पोट रिकामं करायचं औषध होतं, दोन मोठ्या बाटल्या, चव खारट गुळचट. पहिली बाटली संपायच्या आत बारकी संडासात कोंडली गेली ती दुपारपर्यंत. तिथली फरशी, नळाची गळती, दारावरचा कोळी, सगळं तिला पाठ झालं. मधेच दाराबाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"पाणी ठेवलंय," बाबा म्हणाले. "आत्याने भरलंय. मी पेल्याला कागद गुंडाळून धरला होता."

बारकीने आतून दारावर दोनदा टकटक केलं.

"बारके, एक सांगू?" बाहेरून आवाज. "मी रविवारी दादाकडे जातोय. तुझ्या आत्याने सांगितलंच असेल, तिच्या तोंडात काही राहत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी राग धरून जात नाहीये. या घरात, या भिंतींत, माझ्या अंगात पन्नास वर्षांचं पीठ मुरलंय. ते कितीही घासलं तरी निघायचं नाही. मी गेलो की दोन महिन्यांत तू बरी होशील बघ. मग येईन मी भेटायला. बाहेरच बसेन."

"बाबा, तसं नाहीये," बारकी आतून म्हणाली. "बाबा, ऐका..." आणि औषधाने पुन्हा झडप घातली. नळ सोडून ती ओणवी झाली. बाहेर येईपर्यंत खुर्ची रिकामी होती. खुर्चीवरचा पेला मात्र कागदात गुंडाळलेला होता, वर्तमानपत्राच्या नव्हे, कोऱ्या, चांगल्या कागदात.

शनिवारी आत्या बरोबर आली. भूल देऊन तपासणी झाली. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या होत्या, चष्मा दोरीवर लोंबत होता.

"लहान आतडं संपतं तिथे आणि मोठ्याच्या सुरुवातीला जखमा आहेत. मधला भाग चांगला, पुन्हा जखमा. तुकडे तपासायला पाठवलेत, पण मला फारशी शंका उरलेली नाही. क्रोन्सच आहे."

"बरा होतो?"

"आटोक्यात येतो. औषधं आहेत, चांगली आहेत. पण हा जन्माचा सोबती. पहिल्यासारखाच."

"मग पथ्य?"

"गहू तर बंदच. पहिला आजार कुठे गेलेला नाही. आता दोन्ही सांभाळायचे."

आत्या इतका वेळ गप्प होती हेच नवल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझा चमचा निर्दोष."

"हो, आत्या."

"आणि माझ्या भावाची खळ?"

"तीही."

आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली. "मग तोंडात मूग धरून काय बसलीस गुरुवारपासून? उद्या सकाळची गाडी आहे त्याची!" आणि आजारी माणसाला धरून न्यायचं असतं हे विसरून ती बारकीच्या पुढे तरातरा चालू लागली. ती मधली नऊ मिनिटं कधी आली आणि कधी गेली ते बारकीला कळलंही नाही.

बाबा खोलीत बॅगेशी बसले होते. बॅगेचं झाकण लागलेलं होतं. बारकी उंबऱ्यात थांबली नाही. आत गेली, पलंगावर त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचे सोललेले हात हातात घेतले. त्यांनी ओढून घ्यायला पाहिलं, तिने सोडले नाहीत.

"बाबा, तुमची खळ नव्हती. माझं रक्त आठ महिन्यांपूर्वीच स्वच्छ होतं, तुम्ही रोज खळ करत होतात तेव्हा. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. मी उलटून न बघताच चिकटवला." हे एका दमात म्हणून तिने श्वास घेतला. "चूक माझी. पानं जुळवली नाहीत मी. आणि तुम्हाला नको ते बोलले. लोकांसमोर बोलले."

ती वाट बघत होती. ते रागावतील, किंवा हसतील, किंवा 'पोरी, तूसुद्धा?' असं काहीतरी धंद्यातलं बोलतील.

"मग तुला होतंय कशाने?" त्यांनी विचारलं.

"दुसरा आजार आहे. आतड्याचाच. पहिला असला की हा दुसरा व्हायची शक्यता जास्त असते म्हणे. आतून जखमा आहेत. आज दिसल्या."

"आणि पहिला?"

"तोही आहे."

"म्हणजे दोन."

"दोन."

बाबा समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. बारकीला वाटलं होतं, आळ उतरला की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. पण त्यांचे खांदे तिच्या डोळ्यांदेखत खाली आले. आणि बारकीच्या आईच्या मरणालाही लोकांसमोर न रडलेले बाबा, तिचे हात धरून, लहान मुलासारखे आवाज करून रडू लागले.

"बाबा, अहो, तुमचा दोष नव्हता. तेच तर सांगतेय."

"माझा असता तर बरं झालं असतं गं," बाबा म्हणाले. "माझा असता तर उद्याच्या गाडीने गेलो असतो आणि तू बरी झाली असतीस. आता कुणाला घालवू?"

इतके महिने बारकी कुणाला तरी घालवायलाच निघाली होती. तिने बॅग पलंगावरून उचलून खाली ठेवली आणि त्यांना चिकटून बसली. स्वयंपाकघरातून आत्याने विचारलं, जेवायला किती पानं वाढू, आणि बारकीने मोठ्याने सांगितलं, "तीन."